जहाजाचं पहिलं नाव

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी या असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. या मासिकात वाचकांचे असे अनुभव छापून येऊ लागले तेव्हा मी ते आमच्या तार ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवायचो... हसायला! कुणाच्या चिंचेवर हडळ, कुणाच्या मळ्यात दिवटी घेऊन चालणारा म्हातारा. मी म्हणायचो, या लोकांना कामं कमी आहेत. आज मी स्वतः तसंच पत्र लिहायला बसलोय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मी काही रागावणार नाही, कारण तुमच्या जागी मी असतो तर मीही हसलोच असतो.

माझं नाव नारायण. आम्ही अकोटच्या बाजूचे, काळ्या रानातले शेतकरी. वडिलांनी हौसेनं मला उमरावतीला शाळेत ठेवलं, तिथं थोडं इंग्रजी शिकलो, पुढं तारेचं काम शिकलो, आणि रेल्वे आली तसा अकोल्याला सिग्नलर म्हणून लागलो. माझं काम अगदी कोरडं आहे. यंत्र टिकटिक करतं, त्या टिकटिकीची मी अक्षरं करतो. तिकडून आलं ते इकडं लिहायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय. पुढं जे लिहिणार आहे तेही तसंच लिहिलंय असं समजा.

माझी थोरली बहीण गिरजा. मी तिला बाई म्हणतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनंच मला वाढवलं. अंगात येणं, भगत, गंडेदोरे — तिला यातलं काहीही खपायचं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की ती म्हणायची, “तिले दोन पायल्या जवारी दळाले द्या, उतरते की नाई पाहा!” लिहिता-वाचता येत नाही. पूर्णेपेक्षा मोठं पाणी तिनं जन्मात पाहिलेलं नाही.

तिचे यजमान बळीराम. भाऊजींचा धंदा गाड्यांचा. अमेरिकेत लढाई पेटली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला, ती चार-पाच वर्षं त्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या नाहीत. अकोट, अकोला, खामगाव, मग घाट उतरून खाली. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात नवे घुंगरू. मग तिकडची लढाई थांबली, भाव बसला, आणि वर रेल्वे आली. ज्या वाटेला भाऊजींना महिना लागायचा, ती आगगाडी दोन दिवसांत संपवू लागली. भाऊजी तसे हसतमुख. पण रिकाम्या गाडीच्या जुवावर बसून नुसतं रस्त्याकडं पाहत राहायचे, ते मी पाहिलंय.

अशात हबसाणची, म्हणजे आफ्रिकेतल्या ॲबिसिनियाची, मोहीम निघाली. तिथल्या बादशहानं काही गोरे लोक कैदेत ठेवले होते, त्यांना सोडवायला मुंबईहून फौज जाणार होती. फौजेला बैल हवे, गाडीवान हवे. सरकारचा माणूस अकोल्यात येऊन नावं लिहून घेऊ लागला. भाऊजींनी आपली खिल्लारी जोडी घेऊन नाव दिलं. दिवाळी झाल्यावर ते गेले. स्टेशनावर बैलांना डब्यात चढवताना मला म्हणाले, “नारायन, या रेल्वेनं माह्या गाड्या बसवल्या. आता तेच मले समुद्र दाखवून राहिली!” बाईनं दोन्ही बैलांच्या कपाळाला हात लावला, आणि मग भाऊजींच्या खांद्यावरची धूळ झटकली. तेवढंच.

तारेची बातमी लवकर कळेल म्हणून बाई आमच्याकडेच राहिली. आमचं घर मोर्णेच्या काठाजवळ, भाड्याचं. दोन खोल्या आणि मागं अंगण. आधी इथं धान्याचा एक व्यापारी राहायचा. त्यानं अंगणात पेव खणलेलं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो — पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं. बंद पेवातली हवा विषारी होते. उघडल्यावर लगेच कुणी उतरला तर वर येतच नाही, हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक असतं. आमचं पेव रिकामंच होतं. तोंडावर जाड फळ्यांचं झाकण आणि त्यावर एक दगड.

भाऊजी जाऊन पंधरा-सोळा दिवस झाले असतील. सोमवार होता. मी दुपारचा जेवायला घरी आलो. बाई अंगणात बसून कापसातली सरकी काढत होती. माझी बायको राधा भाकरी थापत होती. बाई एकदम थांबली आणि म्हणाली, “ते घर हाललं.”

“कोनतं घर, बाई?”

“तुह्ये भाऊजी जाऊन राहिले ते. लाकडाचं हाय. पान्यावर हाय. तीन झाडं उभी केली त्याच्यावर, पानं नाई, नुस्ते दोर.”

आवाज नेहमीचा. डोळे नेहमीचे. हात परत सरकी काढू लागले होते. मला वाटलं, जहाजाची गोष्ट कुणाकडून ऐकली असेल, मनात घोळते आहे. मी हसून म्हणालो, “अजून काय हाय त्या घरात?”

आणि ती सांगू लागली.

मी ते सगळं एका वहीत लिहून ठेवलं. खरं कारण सांगतो — बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं, आणि डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर पुरावा असावा म्हणून लिहिलं. ती वही आता माझ्यासमोर आहे. त्यातलं तिच्याच शब्दांत थोडं देतो.

“हे घर लय जुनं हाय. थंड्या मुलखात बांधलं. पैलेछूट त्याच्यात लाल कुडत्याचे शिपाई भरले. लढाई होती, बरफाच्या गावात. शिपाई नेले, लंगडे-लुळे वापस आनले. मंग घोडे नेले. मंग गदराच्या साली अजून शिपाई, ते इकडं हिंदुस्थानात उतरवले. मंग लढाई सरली त शिपाई बंद. मंग कापूस. दाबून दाबून गठाने. फळीच्या भेगेत अजून सरकी अटकून हाय... आपल्याकडचीच हाय, नारायन. आता परत मानसं भरून राहिले.”

एका अडाणी बाईनं, अंगणात बसून, एका जहाजाची सगळी चाकरी सांगितली! बरफाच्या गावातली म्हणजे रूसची लढाई, ती तिला कुठून ठाऊक? मी विचारलं, “हे तुले कोनं सांगतलं?” ती म्हणाली, “कोनी नाई. दिसते. जसं तू समोर दिसून राहिला तसं.”

मंगळवारी दुपारी पुन्हा तेच. त्या दिवशी ती घंटेचं बोलली. “पुढच्या झाडापाशी पितळेची घंटा हाय. तिच्यावर कोरलं हाय.” मी म्हणालो, काय कोरलंय? तिनं चुलीतली राख अंगणात पसरली आणि बोटानं रेघा ओढायला लागली. सावकाश, एकेक. मी पाहत होतो. पहिलं अक्षर झालं, दुसरं झालं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिला स्वतःचं नाव मोडीत काय, कशातच लिहिता येत नाही, ती माझी बहीण इंग्रजी अक्षरं काढत होती. ई. एल. एस. पी. ई. टी. एच.

एल्स्पेथ. हा शब्द मी त्याआधी कधी वाचला नव्हता. असलं नाव असतं हेही मला ठाऊक नव्हतं. राधा मागं उभी होती, तिनं माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता राख पुसून टाकली.

माझ्यासोबत तार शिकलेला केशव मुंबईच्या ऑफिसात होता. खासगी निरोप पाठवायला आम्हाला मनाई. तरी संध्याकाळी लाइन मोकळी असताना मी त्याला विचारलं, वऱ्हाडचे गाडीवान कोणत्या जहाजावर चढवले, बंदरावर चौकशी कर. बुधवारी सकाळी उत्तर आलं — जहाजाचं नाव ‘रॉयल हार्वेस्ट’. दोन-एक दिवसांत सुटणार.

खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीतच हसलो. म्हणजे एल्स्पेथ वगैरे काही नाही! दुपारी घरी जाऊन बाईला सांगितलं, “बाई, तुह्यं घर निराळं अन् भाऊजीचं जहाज निराळं. त्याचं नाव दुसरंच हाय.”

ती शांतपणे म्हणाली, “नाव बदललं, बापा. कापसासाठी ज्यानं इकत घेतलं त्यानं बदललं. घंटा नाई बदलली.”

आणि मग ती पहिल्यांदा घाबरलेली दिसली. हातातला कापूस खाली ठेवून माझ्याजवळ सरकली.

“नारायन, त्या घराच्या पोटात पेव हाय. मानसाचं पेव. बरफाच्या लढाईले जातानी वादळ आलं, त वरच्यायनं झाकन लावून देलं. पानी आत येऊ नाई म्हून. खाली शिपाई होते. तीन दिस झाकन काढलं नाई. त्यायनं ठोकलं, लय ठोकलं... वर आयकू नाई गेलं. एकोनीस जन गेले. साहेबानं वहीत लिवलं, तापानं मेले. एकाच्या उजव्या हाताले चारच बोटं होती. तो सर्व्यात शेवटपर्यंत ठोकत होता.”

राधाच्या हातातला तवा खाली पडला. बाईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

“तुह्या भाऊजीले त्याच पेवात जागा देली. तार कर. उतरव त्यायले.”

मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. कुणाला तार करू? काय लिहू? माझ्या बहिणीला अंगणात बसून जहाज दिसतं, सबब गाडीवान बळीराम याला उतरवावं? सरकारी नोकरीत नाव लिहिलेला माणूस, पळाला म्हणून धरतील. माझी स्वतःची नोकरी जाईल ती वेगळीच. मी म्हणालो, “पाहतो.” ती म्हणाली, “पाहू नको. कर.” मी पुन्हा “पाहतो” म्हणून निघून गेलो... आणि त्या दिवशी तार केली नाही. यंत्र समोर होतं. हात हातभर अंतरावर होता. नाही केली.

गुरुवारी सकाळी बाई माझ्याशी बोलली नाही. न्याहारी-पाणी नाही, काही नाही, नुसती माझ्याकडं पाहत राहिली. ज्या बाईनं मला हातानं घास भरवले तिची ती नजर मला सोसवेना. ऑफिसात गेल्या गेल्या मी केशवला तार केली : बळीरामला उतरव, बायको अत्यवस्थ आहे म्हणून सांग. धडधडीत खोटं लिहिलं. दुपारी उत्तर आलं. रॉयल हार्वेस्टला पहाटेच बंदराबाहेर ओढून नेलं. शिडं लावून गेलंसुद्धा.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाई म्हणाली, “मालूम हाय.” बस्स. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

आता शुक्रवार. हे मी फार जपून लिहितो.

दुपारी बाराला मी घरी आलो. लख्ख ऊन होतं. हे लक्षात घ्या — अंधार नाही, वादळ नाही, शेजारी कुणीतरी उखळात मिरच्या कुटत होतं आणि त्याचा ठसका आमच्या अंगणापर्यंत येत होता. मी हात धुवत होतो. बाई स्वयंपाकघरातून मुसळ घेऊन बाहेर आली, पेवावरचा दगड तिनं एकटीनं ढकलला, आणि झाकणाच्या फळ्यांवर मुसळ हाणायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी. सगळं बळ लावून.

“उघड रे! उघड! मानसं हायत आत!”

मी आणि राधा धावलो. दोघांनी धरलं तरी ती आवरेना. मी ओरडलो, “बाई, पेव रिकामं हाय! काऊन असं करून राहिली तू?” तिच्या तळव्यांची सालं निघाली होती, मुसळाला रक्त लागलं होतं. धापा टाकत म्हणाली, “ते ठोकून राहिले... जुने शिपाई. त्यायच्या हातात जोर नाई उरला. म्हून मी.”

आणि पुन्हा, “उघड रे, उघड!” — आता माझ्याकडं पाहून.

तिचा हात क्षणभर थांबला. त्या शांततेत मी ते ऐकलं.

झाकणाच्या खालून. तीन ठोके. मग जरा थांबून एक. मुसळाचा आवाज जड होता, हा हलका होता, मुठीनं लाकडावर मारल्यासारखा. मी राधाकडं पाहिलं. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. तिनंही ऐकलं होतं. मी रोज आठ-आठ तास ठोके ऐकणारा माणूस आहे, दोन ठोक्यांतला फरक ओळखण्यावर माझं पोट चालतं. तो भास नव्हता. आमच्या रिकाम्या पेवातून कुणीतरी ठोकत होतं.

मी झाकण उपसलं. कसं ते आठवत नाही. आतून गरम हवेचा लोट तोंडावर आला. तिला वास होता — डांबराचा, बैलांच्या मुताचा, आणि खूप माणसं एका जागी कोंडल्यावर येतो तसा घामाचा. दोन वर्षं बंद असलेल्या पेवात! हवा निघून जाईस्तोवर मी काठावर उभा राहिलो. मग आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडला. तळाशी जुनी जवारीची फोलपटं. बाकी काही नाही. कुणी नाही.

बाई तिथंच जमिनीवर बसली. म्हणाली, “उघडलं ना?”

मी म्हणालो, “उघडलं.”

ती झोपून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उठली नाही. मी ऑफिसात परत गेलो आणि सवयीनं वहीत वेळ टाकली : शुक्रवार, झाकण उघडलं एक वाजून दहा मिनिटांनी. ते आकडे अजून वेडेवाकडे दिसतात.

त्यानंतर तिनं जहाजाबद्दल एक शब्द काढला नाही. मी विचारलं तर म्हणायची, “आता दिसत नाई.” आम्हाला भाऊजींची खबर नाही. पौष गेला, माघ गेला, होळी झाली. रोज संध्याकाळी मी घरी आलो की ती माझ्या तोंडाकडं पाहायची आणि मी मान हलवायचो. मधल्या एका बुधवारची आठवण काढून ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

जेठात भाऊजी आले. स्टेशनातून चालत, एकटे, काळे ठिक्कर पडलेले, दाढी पांढरी. बैल नव्हते. बाईनं दारातच त्यांचे दोन्ही खांदे दाबून पाहिले, जसं कुणी भिंत पक्की आहे का बघतं, आणि मग आत जाऊन पाणी आणलं.

त्यांनी सांगितलं ते असं. मुंबई सोडल्यावर दोन दिवस समुद्र मवाळ होता. तिसऱ्या रात्री वारा सुटला. लाटा वरून जाऊ लागल्या, तसं खलाशांनी खालच्या कोठाराचं झाकण लावलं आणि वरून ताडपत्री ठोकली. आत चाळीसेक गाडीवान आणि बैल.

“सकाळ झाली का नाई तेबी समजे ना,” भाऊजी म्हणाले. “हवा सरली, नारायन. बैल पटापट बसले. आमी ठोकत होतो, बोंबलत होतो. वर वाऱ्याचा आवाज, कोन आयकते? अकोटचा महादू माह्या मांडीवर गेला. मी शिडीवर चढलो, झाकनाले हात लावला. त लाकडाले खड्डे होते. जुने. रंग चोपडला होता त्याच्यावर, पन बोटाले लागत होते. कोनी तरी नखानं ओरबाडल्यासारखे.” त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि एक बोट मिटलं. “चारच. माहं एक बोट दर टाइमाले उरे.”

मी बाईकडं पाहिलं. ती खाली पाहत होती.

“मंग?”

“मंग आवाज आला. वरून नाई. आमच्या पायाखालून. पायाखाली त नुस्ते दगडं होते, जहाज डोलू नाई म्हून भरलेले. तिथून कोनी ठोकून राहिलं होतं, लय जोरानं, मुसळ हाणल्यावानी. अन् तेवढ्यात झाकन उघडलं.”

महादू आणि आणखी एक जण, दोघं गेले. बाकी सगळे वाचले. भाऊजींच्या जोडीतला एक बैल तिथंच मेला, दुसरा हबसाणात.

मग भाऊजींनी कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. जहाजाच्या मेटनं, म्हणजे कॅप्टनच्या खालच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं, दिलेला. जहाजावर रत्नागिरीकडचा एक सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता, त्याच्या तोंडून मेटला कळलं होतं की या गाडीवानाचा मेहुणा अकोल्याला इंग्रजी जाणतो. पत्र मला होतं.

मी ते उभ्यानंच वाचलं. मजकूर थोडक्यात देतो. मेट लिहितो : वादळात मी डेकवर दोराला बांधून घेऊन उभा होतो. झाकणाजवळून एका बाईचा आरडाओरडा आणि जोरजोरात ठोकल्याचा आवाज आला. जहाजावर एकही बाई नव्हती. मी कॅप्टनची परवानगी न घेता ताडपत्री कापली आणि झाकण उघडलं, ती बाई कोण ते पाहायला. बाई नव्हती. खाली माणसं गुदमरत होती. ती काय ओरडत होती ते मला समजलं नाही, पण कानात बसलं ते लिहितो, तुमच्या भाषेत याचा काही अर्थ होतो का ते कृपा करून कळवा.

आणि खाली, इंग्रजी अक्षरांत, तोडून तोडून : उघड रे. उघड. मानसं हायत.

त्याखाली त्यानं जहाजाची हकिकत लिहिली होती, का तर, तो म्हणतो, त्या दिवसापासून त्याला झोप नाही आणि कुणाला तरी सांगणं भाग आहे. स्कॉटलंडात बांधलं. पहिलं नाव एल्स्पेथ, घंटेवर अजून तेच आहे. रूसच्या लढाईत फौज नेली. मग घोडे. मग गदरात हिंदुस्थानाकडं फौज. मग कापसाच्या तेजीत नव्या मालकानं घेतलं, नाव बदललं. जुन्या लॉगमध्ये, म्हणजे जहाजाच्या रोजनिशीत, पहिल्या लढाईच्या सफरीत एकोणीस शिपाई तापानं मेल्याची नोंद आहे. ‘जुने खलाशी मात्र ताप होता असं म्हणत नाहीत,’ एवढंच तो लिहितो.

मी वही काढली. एका हातात वही, एका हातात पत्र. ओळ न् ओळ जुळत होती. मी ओट्यावर बसलो. राधा रडत होती. भाऊजींना तोवर काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितलं तसे ते बाईकडं असे पाहत राहिले, जसं तिला पहिल्यांदाच पाहत आहेत. मग त्यांनी तिचे हात उलटे करून तळवे पाहिले. खुणा होत्या.

कुणी म्हणेल, नवऱ्याच्या काळजीनं तिचं मन तिकडं पोचलं. मीही तसंच समजून गप्प बसलो असतो. पण पत्रात वार लिहिलेला आहे. मेटनं झाकण उघडलं तो रविवार, सकाळची वेळ. भाऊजीही तेच सांगतात. आणि माझ्या वहीत आहे शुक्रवार, एक वाजून दहा. शुक्रवारी समुद्र शांत होता, माणसं वर डेकवर बसून चिवडा खात होती! मग माझ्या बहिणीनं ठोकलेलं आणि ओरडलेलं दोन दिवस कुठं होतं? आणि आमच्या पेवातून त्या दुपारी मला जे उत्तर आलं... कोंडलेले गाडीवान तर अजून कोंडलेलेच नव्हते. मग ते चार ठोके कुणाचे? मला याचं उत्तर एकच सुचतं, आणि ते मला लिहायचं नाही.

मेटला मी अर्थ कळवला. त्याचं पुन्हा पत्र आलं नाही. केशवकडून समजलं की मोहिमेनंतर ते जहाज विकलं गेलं आणि नव्या मालकानं पुन्हा नाव बदललं. आता कोणत्या नावानं फिरतंय, कुणाला घेऊन फिरतंय, ते त्याला सांगता आलं नाही.

गेल्या महिन्यात धीर करून मी बाईला वाराचा घोळ समजावून सांगितला. दोन दिवसांचा फरक कसा काय पडला, असं विचारलं. ती गव्हातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली,

“मले वार नाई समजत, नारायन. आयकू आलं तवा ठोकलं. तू बी आयकलं तवा उघडलं, वाट पाहत बसला काय?”

मी वाट पाहिली होती. पूर्ण एक दिवस.